कार्ड पावणेदोन लाखांचं, मग स्क्रीन का अडखळतात?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई कोल्हापूरजवळच्या एका गावात राहतात. वय ३६. गेली आठ वर्षं त्या घरूनच आर्किटेक्ट आणि बिल्डर मंडळींना थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू (घरातून फिरल्यासारखा व्हिडिओ) करून देतात. स्केचअप, व्ही-रे आणि लुमिअन या थ्रीडी सॉफ्टवेअरवर रोजचं काम. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची आरडी मोडून आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड पावणेदोन लाखांना घेतलं. त्याला तीन स्क्रीन जोडले आहेत. समोर २७ इंची फोरके मॉनिटर आहे, १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा. डावीकडे जुना २४ इंची फुल एचडी मॉनिटर आणि भिंतीवर क्लायंटना दाखवायला ४३ इंची फोरके टीव्ही. कार्डाला एचडीएमआयचं भोक एकच, ते जुन्या मॉनिटरने आधीच अडवलं होतं, म्हणून टीव्ही बाजारातून आणलेल्या स्वस्त कन्व्हर्टरने जोडला.

आता तक्रारी अशा: टीव्हीवर वॉकथ्रू झटके देत चालतो. रेंडर, म्हणजे मॉडेलवरून अंतिम चित्र काढायचं काम, लावला की तिन्ही स्क्रीनवर माउस रांगतो. काही काम चालू नसतानाही कॅबिनेट गरम असतं आणि कार्डाचा पंखा मध्येच सुरू, मध्येच बंद होतो. लाइट गेली की यूपीएस दोन सेकंद किंचाळून बसतो. ज्या खोलीत हे सगळं आहे तिथेच सासूबाई दुपारी पडतात. यजमान म्हणतात, बिल वाढलंय, विकून टाक. मुंबईतला एक मित्र म्हणतो, तीन स्क्रीनला हे कार्ड कमीच पडणार, हप्त्यावर पुढच्या पिढीचं ५०९० घे. ताई विचारतात, "विकू की नवं घेऊ? आणि खरं सांगा, मी हौसेपायी पैसे घालवले का?"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण तो उरलेल्या सगळ्या पत्रावर सावली धरून बसलाय.

उद्यमनगरातल्या किंवा शिरोलीतल्या कारखान्यात कोणी नवा लेथ बसवला तर त्याला कुणी हौस म्हणत नाही. नारळ फोडतात, पेढे वाटतात. तुमचं यंत्र घरातल्या टेबलावर आहे, त्याच्यावर रंगीत चित्रं दिसतात आणि ते चालवणारी घरातली सून आहे. एवढ्यावरून त्याची हौस होत नाही. तुमच्याच पत्रात एक ओळ आहे, तुम्ही ती जाता जाता लिहिलीत: जुन्या कार्डावर एका व्ह्यूला ४० मिनिटं लागायची, आता ७ लागतात, आणि महिन्याला पन्नासेक व्ह्यू जातात. एका व्ह्यूमागे ३३ मिनिटं वाचली. पन्नास व्ह्यूंची १६५० मिनिटं, म्हणजे साडेसत्तावीस तास. दर महिन्याला. हे तास तुम्ही कुठे घालवता ते मला माहीत नाही, नवं काम घेता की मुलांचा अभ्यास घेता की झोपता, पण ते तुमच्या कार्डानेच तुम्हाला दिलेत. पैसे वाया गेले नाहीत. त्या पैशांतून जे यायला हवं होतं त्यातला काही भाग अजून तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीये, एवढंच.

आणि तो का पोहोचत नाही, याबद्दल यजमानांचं आणि मित्राचं मत वरवर उलटं दिसतं, पण दोघांनी गृहीत धरलंय तेच. दोष कार्डाचा आहे, असं. म्हणून एक म्हणतो काढून टाक, दुसरा म्हणतो मोठं आण. मला पत्र वाचून वाटतं की दोष कार्ड आणि स्क्रीन यांच्या मधल्या जागेत आहे: केबल, कन्व्हर्टर, हर्ट्झचे आकडे. तिथे अजून कुणी पाहिलेलंच नाही.

मित्राचं म्हणणं आधी तपासू. तीन स्क्रीन म्हणजे कार्डावर तिप्पट ओझं, असं आपल्याला सहज वाटतं. प्रत्यक्षात फोरके स्क्रीनवर साधारण ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर स्क्रीनवरचं एक अख्खं चित्र ३३ एमबीत मावतं. तुमचा मॉनिटर, टीव्ही आणि जुना फुल एचडी मिळून पाऊणशे एमबीच्या आसपास. कार्डाची मेमरी २४ जीबी आहे. नुसत्या खिडक्या उघड्या ठेवायला, मेल वाचायला, ड्रॉइंग बघायला तीन काय, चार स्क्रीनही या कार्डाला जाणवत नाहीत. याच पिढीतलं आरटीएक्स ४०६० घ्या. ते ११५ वॅटचं लहान कार्ड आहे आणि तेही चार स्क्रीन चालवतं. ४०९० चारच चालवतं. आणि मित्र सुचवतो ते ५०९०? तेही चारच. एका कार्डावर तीन स्क्रीन ही गोष्ट एएमडी या कार्ड बनवणाऱ्या कंपनीने २००९ सालीच आयफिनिटी या नावाने सामान्य ग्राहकापर्यंत आणली होती. स्क्रीनची संख्या हा महागड्या कार्डाचा प्रश्न राहिलेला नाही.

ओझं ठरतं ते स्क्रीनवर काय चाललंय त्यावर. तुम्ही लुमिअनची चालती खिडकी फोरके टीव्हीभर पसरवली तर कार्डाला दर क्षणाला ८३ लाख ठिपक्यांचा उजेड, सावली, काचेतलं प्रतिबिंब मोजावं लागतं. तीच खिडकी फुल एचडीत ठेवली तर पावणेएकवीस लाखांचं, म्हणजे चौथाई. काम करताना ती खिडकी लहान ठेवा आणि क्लायंट समोर बसला की मोठी करा. असेच प्रश्न विचारणाऱ्या इतर वाचकांसाठीही हे इथेच सांगते. शेअर बाजाराचे चार्ट लावायला चार स्क्रीन हवेत, म्हणून कुणी महागडं कार्ड घेत असेल तर घेऊ नका, चार्ट काढायला त्या ताकदीची गरजच नाही. उलट तीन २५६० बाय १४४० चे मॉनिटर जोडून त्यावर एकच रुंद गेम खेळणाऱ्याला एका वेळी १ कोटी १० लाख ठिपके रंगवावे लागतात, फोरकेपेक्षाही जास्त. त्याला ताकदीचं कार्ड खरोखर लागतं. तुम्ही या दोघांच्या मध्ये आहात. तुमच्या रेंडरला ताकद हवी, आणि ती तुमच्याकडे आहे.

आता तो टीव्ही. माझ्या अंदाजाने तुमचा निम्मा त्रास त्या कन्व्हर्टरमध्ये आहे. तुमच्या कार्डाच्या पाठीमागे डिस्प्लेपोर्टची तीन भोकं असतात आणि एचडीएमआयचं एक. ते एक भोक एचडीएमआय २.१ चं, सगळ्यात रुंद रस्ता. त्यावर तुम्ही सगळ्यात हलका स्क्रीन बसवलाय, जुना फुल एचडी. आणि जड फोरके टीव्ही कन्व्हर्टरच्या बोळातून पाठवलाय. स्वस्त डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय कन्व्हर्टर बहुतेक वेळा फोरके चित्र सेकंदाला फक्त ३० वेळाच पोहोचवू शकतात. खोक्यावर 'फोरके' लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं, पण ३० हर्ट्झ ही गोष्ट बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. ३० हर्ट्झवर स्थिर चित्र उत्तम दिसतं. कॅमेरा दिवाणखान्यातून स्वयंपाकघराकडे वळला की झटके बसतात, माउस मागे राहतो. तुमचं वर्णन अगदी हेच आहे.

दोन्हींची अदलाबदल करा. मशीन बंद करून टीव्हीची केबल थेट कार्डाच्या एचडीएमआयमध्ये घाला आणि जुना मॉनिटर कन्व्हर्टरवर न्या. फुल एचडी ६० हर्ट्झ त्या कन्व्हर्टरला सहज झेपतं, पैसे शून्य. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले आणि तिथे 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडा. प्रत्येक स्क्रीन निवडून त्याचे हर्ट्झ वाचा. टीव्हीला ६० दिसायला हवेत. समोरच्या मॉनिटरला १४४ आहेत की तो नवा आणल्यापासून ६० वरच चाललाय, हेही तिथेच कळेल, आणि खूप जणांना इथे धक्का बसतो. टीव्हीला ६० मिळत नसतील तर टीव्हीच्या मेनूमध्ये त्या एचडीएमआय पोर्टसाठी 'अल्ट्रा एचडी कलर' किंवा 'डीप कलर' अशा नावाचं बटण असतं, ते चालू करा. अक्षरं पुसट दिसत असतील तर त्या इनपुटला 'पीसी' हे नाव द्या, बऱ्याच टीव्हींत त्याने चित्र लगेच स्वच्छ होतं.

केबलही जुनी असेल तर बदला. फोरके ६० हर्ट्झला सेकंदाला साडेबारा गिगाबिटच्या आसपास माहिती जाते, आणि एचडीएमआय २.० केबलची चित्रासाठीची कमाल साधारण १४.४ आहे. म्हणजे रस्ता जेमतेम पुरतो. अशा ठिकाणी सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेली दहा वर्षांपूर्वीची केबल घात करते.

रेंडर लागला की माउस रांगतो, हा मात्र वेगळा रोग आहे आणि तुमच्या कार्डाच्या ताकदीतूनच तो येतो. मिसळीच्या हॉटेलात कट उकळणारा माणूसच टेबलावर वाढायलाही असेल, तर गर्दीच्या वेळी टेबलं थांबणारच. व्ही-रेने कार्डाचा कण न् कण रेंडरला लावलेला असतो, आणि त्याच कार्डाने तिन्ही स्क्रीनवर माउसही हलवायचा असतो. ५०९० आणलं तरी हे असंच होईल, कारण रेंडर तेही पूर्ण खाईल. यावर साधा उपाय म्हणजे व्ही-रेच्या सेटिंगमध्ये जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरच्या, रेंडरचं प्राधान्य कमी करायचा पर्याय शोधा. रेंडर थोडा लांबतो, पण हात मोकळे राहतात.

दुसरा उपाय तुमच्या मशीनमध्ये बहुधा आधीच बसलेला आहे. प्रोसेसरचं नाव बघा. इंटेल असेल आणि नावाच्या शेवटी एफ हे अक्षर नसेल, किंवा रायझनची ७००० मालिका असेल, तर सहसा प्रोसेसरमध्येच एक छोटं ग्राफिक्स असतं. मदरबोर्डच्या मागे एचडीएमआयचं जे भोक आहे ते त्याचं. डावीकडचा जुना मॉनिटर तिथे लावा. पुष्कळ मदरबोर्ड मोठं कार्ड बसवलं की हे छोटं ग्राफिक्स झोपवून ठेवतात, त्यामुळे मशीन असेंबल करून देणाऱ्याला सांगा की बायोसमधून (मशीनच्या मूळ सेटिंगमधून) ते जागं कर, काम पाच मिनिटांचं आहे. मग रेंडर चालू असताना मेल, हिशेब, व्हॉट्सॲपवर आलेले साइटचे फोटो, टूडी ड्रॉइंग हे सगळं डावीकडे निवांत चालेल. स्केचअप मात्र तिकडे नेऊ नका, ते समोरच राहू द्या. आणि एक धोक्याची सूचना सर्वांसाठी: मदरबोर्डचं हेच भोक पुष्कळांचा घात करतं. मुख्य मॉनिटर चुकून तिथे लावला की लाखाचं कार्ड आत नुसतं बसून राहतं आणि माणूस म्हणतो, एवढा खर्च करून फरक काही पडला नाही. तुमचा समोरचा मॉनिटर खरोखर कार्डालाच जोडलाय ना, एकदा वाकून बघा.

रेंडरच्या वेळी लुमिअन मागे उघडं राहत असेल तर बंद करा. दोन्ही मिळून २४ जीबी भरू शकतात, आणि मेमरी भरली की सात मिनिटांचा व्ह्यू कितीही वेळ खाऊ शकतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स खाली जीपीयूवर क्लिक केलं की किती मेमरी भरली ते दिसतं. हा आकडा दोन-तीन आठवडे लिहून ठेवा, पुढे मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता काम नसताना गरम होणारं कॅबिनेट. इथे खरंच स्क्रीनचा संबंध आहे, पण त्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या ताळमेळाचा. एकच स्क्रीन असला की कार्ड दोन चित्रांमधल्या बारीकशा फटीत आपल्या मेमरीचा वेग बदलून घेतं आणि रिकाम्या वेळी तो अगदी खाली आणतं. स्क्रीन तीन झाले, एक १४४ वर, दोन ६० वर, की प्रत्येकाची फट वेगळ्या क्षणी येते. सगळ्यांना एकदम सोयीची वेळ सापडेना, म्हणून कार्ड मेमरीचा वेग वरच धरून ठेवतं. वीज जाते, कार्ड तापतं, ठरावीक तापमानाला पंखा सुरू होतो, थंड झाल्यावर बंद, पुन्हा सुरू. हे फक्त तुमच्या कार्डाचं दुखणं नाही. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स डिसेंबर २०२२ मध्ये आलं तेव्हा तिकडेही हीच तक्रार होती आणि कंपनीने ती मान्य केली होती.

करून बघा: समोरच्या मॉनिटरचे हर्ट्झ १४४ वरून १२० करा. १२० हे ६० च्या बरोबर दुप्पट, त्यामुळे बऱ्याचदा ताळमेळ जमतो आणि मेमरी झोपते. जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्रॅम मेमरीचा वेग आणि वॅट दोन्ही दाखवतो, आधी आणि नंतर बघा. १२० ने फरक पडला नाही तर ६०. भिंती आणि सोफे काढायला १४४ हर्ट्झ लागत नाहीत. क्लायंट नसताना टीव्ही नुसता रिमोटने बंद न करता विंडोजमधूनच तोडा: कीबोर्डवर विंडोज आणि पी एकदम दाबलं की पर्याय येतात. जुना मॉनिटर मदरबोर्डवर नेलात तर कार्डाकडे कामाच्या वेळी एकच स्क्रीन उरेल आणि हा प्रश्न मुळातूनच सुटेल.

यजमानांचं बिल इथेच येतं, आणि त्यांचा मुद्दा मी झटकणार नाही. हिशेब मांडू. पन्नास व्ह्यू, सात मिनिटांचे, म्हणजे सहाएक तास. कार्ड पूर्ण ताकदीने ४५० वॅट घेतं, तर ही पावणेतीन युनिट झाली. वॉकथ्रूसाठी महिन्याला ३० तास धरा, साडेतेरा युनिट. आणि रिकाम्या वेळी कार्ड विनाकारण ६० वॅट जास्त घेत असेल, दिवसाला दहा तास, २६ दिवस, तर साडेपंधरा युनिट. म्हणजे तुमच्या सगळ्या व्ह्यूंनी मिळून जेवढी वीज खाल्ली त्याच्या पाचपटीहून जास्त वीज न केलेल्या कामाने खाल्ली. सगळं मिळून ३२ युनिटच्या आत. दोन हजार वॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला ३० युनिट होतात. यजमानांना हे कागदावर दाखवा, आणि बिलावरचे रुपये न बघता युनिट बघा, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे. महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर चढतो. घराचा वापर टप्प्याच्या काठावर असेल तर वरची थोडी युनिटंही महाग पडतात, आणि मग त्यांची तक्रार खरी असू शकते. त्या ३२ युनिटांतली निम्मी, वर सांगितलेल्या एका सेटिंगने जाण्यासारखी आहेत.

उष्णतेसाठी अजून एक गोष्ट. आफ्टरबर्नर हा मोफत प्रोग्रॅम घेऊन त्यातली 'पॉवर लिमिट'ची पट्टी ७५ वर आणा. कार्डाची कमाल ४५० वरून ३४० वॅटच्या आसपास येते, आणि वेग मात्र त्या प्रमाणात पडत नाही. या कार्डाला शेवटच्या थोड्या वेगासाठी खूप वीज प्यायची सवय आहे. सात मिनिटांचा व्ह्यू साडेसातचा झाला तरी खोलीतला फरक सासूबाईंना पहिल्या दिवशी जाणवेल.

पंखे आणि पट्ट्यांपेक्षाही एका जागी माझा जीव अडकलाय. या कार्डाला वीज देणारी जी १६ काट्यांची पिन आहे, ती पूर्ण आत बसली नसेल तर तापून वितळू शकते. ४०९० बाजारात आलं त्या ऑक्टोबर २०२२ पासूनच अशी प्रकरणं समोर आली, आणि पिन अर्धवट बसलेली असणं हे त्यातलं एक मोठं कारण निघालं. मशीन बंद करा, मागचं बटण बंद करा, झाकण उघडून टॉर्चने बघा. पिन आणि कार्ड यांच्यात फट दिसता कामा नये. वायर पिनीपासून लगेच वाकलेली नको, निदान तीन-साडेतीन सेंटिमीटर सरळ जाऊ द्या. कॅबिनेटचं झाकण तिला दाबत असेल तर झाकण तात्पुरतं काढून ठेवलेलं बरं. कार्ड दोन किलोच्या वर असतं, खाली झुकलं असेल तर टेकू लावा. हे आजच करा, बाकी सगळं पुढच्या आठवड्यात गेलं तरी चालेल.

यूपीएसचं उत्तर छोटं आहे. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस ३५०-३६० वॅटच्या आसपास भार उचलतो. रेंडर चालू असताना एकटं कार्डच त्याच्या पलीकडे जातं, म्हणून तो किंचाळतो. साइन वेव्हचा दीड-दोन केव्हीएचा यूपीएस घ्या, आणि टीव्ही त्याच्यावरून काढून साध्या प्लगवर न्या. एवढा खर्च सध्या नको असेल तर लाइटचा भरवसा नसलेल्या वेळी मोठा रेंडर लावू नका आणि वॉकथ्रूच्या फ्रेम सुट्या सुट्या सेव्ह करा. लाइट गेली तर गेलेल्या फ्रेमपासून पुढे चालू करता येतं, सगळं पुन्हा नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तीन वेगळे स्क्रीन आणि घरांचे व्ह्यू म्हटल्यावर मला रंगांची काळजी वाटते. तुमची भिंत समोरच्या मॉनिटरवर बदामी, जुन्यावर राखाडी आणि टीव्हीवर नारिंगी दिसत असणार. क्लायंट टीव्हीवर बघून हो म्हणतो, आणि रंग लागल्यावर म्हणतो, हा दाखवला नव्हता. कार्ड कोणतंही असो, यात ते काही करत नाही. एक स्क्रीन खरा माना, समोरचा, आणि त्याला एसआरजीबी या रंगांच्या प्रमाण मोडवर ठेवा. टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा. पहिल्यांदा फिका वाटेल, पण समोरच्या मॉनिटरच्या जवळ येईल. आणि शेवटचा होकार रंगाच्या कंपनीच्या शेड कार्डावर, दिवसाच्या उजेडात, खिडकीशी उभं राहून घ्या. जुना मॉनिटर रंगासाठी कधीच बघू नका.

आता विकू की घेऊ. हे सगळं करून महिनाभर काम करा, मग ठरवा. टास्क मॅनेजरमधला तो मेमरीचा आकडा आठवतो? मोठ्या सोसायटीच्या वॉकथ्रूत तो वारंवार २४ ला टेकत असेल, आणि तशी कामं तुम्हाला नियमित मिळत असतील, तर ३२ जीबीचं ५०९० विचारात घेण्यासारखं आहे. पण ते ५७५ वॅटचं आहे, त्याला १००० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) सुचवतात, म्हणजे कार्डाबरोबर एसएमपीएस, यूपीएस आणि खोलीतली उष्णता सगळंच वाढेल. हप्ता काढण्याआधी एवढी बेरीज करा. उलट, महिनाभराची नोंद सांगत असेल की मेमरी १० जीबीच्या वर जातच नाही आणि काम आठवड्यातून एखादंच येतंय, तर हे विकून मधलं कार्ड घेण्यात काही कमीपणा नाही, उरलेले पैसे आरडीत परत टाका. मला तुमचं पत्र वाचून दोन्ही शक्यता कमी वाटतात. पन्नास व्ह्यू करणाऱ्या हाताखाली हे कार्ड योग्य जागी आहे. सीएला मात्र विचारून घ्या, की ते व्यवसायाच्या खर्चात दाखवलंय का. घरच्या पैशातून घेतलेलं यंत्र आपण बायका कागदावर आणायला विसरतो.

उरली सासूबाईंची दुपार. कॅबिनेट शेजारच्या खोलीत न्यायचा विचार तुमच्या मनात येईल, म्हणून सांगते. मी एकदा तसं केलं होतं आणि १० मीटरची स्वस्त एचडीएमआय केबल भिंतीतून ओढली होती. फोरके ६० हर्ट्झवर स्क्रीन दर थोड्या वेळाने काळा व्हायचा. दोन दिवस मी ड्रायव्हर काढत आणि घालत बसले, एक काम वेळेवर गेलं नाही, आणि शेवटी दोष केबलचा निघाला. साध्या केबलला दोन-तीन मीटरच्या पुढे भरवसा नसतो. लांब न्यायचंच असेल तर आत ऑप्टिकल फायबर असलेली केबल लागते, ती महाग असते, आणि तिचं कोणतं टोक कार्डाकडे आणि कोणतं टीव्हीकडे, हे ठरलेलं असतं. भिंतीत घालण्याआधी ते तपासा.

तोवर दुपारी दोन ते चार मशीनवर फक्त मॉडेलिंग करा. कार्ड तेव्हा जवळजवळ स्वस्थ असतं, पंखा फिरणार नाही. रेंडरची रांग तयार करून ठेवा, आणि सासूबाई चहाला उठल्या की लावा.